पालकाच्या जुडीतलं 'के'

कार्तिक सरत आला की इंदूरच्या चोइथराम मंडीतून निघालेले पालेभाजीचे ठेले रामबाग, सुदामानगर, टिळकनगरच्या गल्ल्यांतून फिरायला लागतात. पालक, मेथी, सरसों, मुळ्याचा पाला, हिरवा लसूण, आणि ठेलेवाला ज्याला बथुआ म्हणतो तो आपला चाकवत. भाव उतरलेले, पानं टवटवीत. दिवसातून एकदा तरी ताटात काही हिरवं येतंच. याच दिवसांत काही घरांतल्या वहीतला एक आकडा खाली सरकतो. हृदयात धातूची झडप बसवलेल्या आणि रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्या माणसाचा तो आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती पट वेळ लागतो त्याचा आकडा; तो उतरला की रक्त लवकर गोठतं. गोळी तीच, वेळ तीच, एकदाही चुकलेली नाही, आणि तरी अडीचवर असलेला आकडा १.८ वर येतो.

घरचे लगेच पालकावर खापर फोडतात. कुणीतरी फर्मान काढतं की यापुढे हिरवं बंद. हा सल्ला इंदुरात सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. का चुकीचा, ते कळायला जीवनसत्त्व के हे काय प्रकरण आहे ते मुळातून पाहायला हवं.

१९२९ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिल्लांवर कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. पिल्लांच्या खाद्यातली सगळी स्निग्धता द्रावकाने धुऊन काढलेली होती. काही आठवड्यांत पिल्लांच्या कातडीखाली आणि स्नायूंत रक्त साचायला लागलं. काढलेलं रक्त लवकर गोठेना. कोलेस्टेरॉल परत घातलं, लिंबाचा रस दिला, उपयोग शून्य. हिरवी पानं आणि यकृत दिल्यावर मात्र पिल्लं सावरली. खाद्यातली चरबी धुताना तिच्यात विरघळलेलं आणखी काहीतरी निघून गेलं होतं. १९३५ मध्ये त्याला के हे नाव मिळालं. १९३९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांच्या गटाने लसूणघासातून एक आणि सडलेल्या माशांच्या कुटातून दुसरं, अशी दोन के वेगळी काढून त्यांची रचना सांगितली. १९४३ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. सडलेले मासे हा तपशील विसरू नये. पुढे लागणार आहे.

पानातलं के म्हणजे के१, फायलोक्विनोन. पिवळसर, दाट तेलासारखा द्रव. रेणूचे दोन भाग: दोन जोडलेल्या कड्यांचा चपटा नॅफ्थोक्विनोन, आणि त्याला लागलेली वीस कार्बनांची लांब शेपटी. ही शेपटी हरितद्रव्याच्या शेपटीच्याच जातीची. ती आहे म्हणून के तेलात विरघळतं, पाण्यात नाही. काम करतो तो कड्यांचा भाग, कारण तो दोन इलेक्ट्रॉन घेऊ शकतो आणि परत देऊ शकतो. पानाला के हवं असतं ते याचसाठी. प्रकाशसंश्लेषणातल्या एका यंत्रणेत सूर्यप्रकाशाने उडालेला इलेक्ट्रॉन पुढे पोचवण्याचं काम के१ करतं. म्हणून जिथे हिरवा रंग गडद, तिथे के जास्त. कोबीची बाहेरची हिरवी पानं आपण काढून टाकतो आणि आतला पांढरा गड्डा चिरतो; के त्या टाकलेल्या पानांत अधिक होतं.

जीवाणूंचं के वेगळं. कड्या त्याच, शेपटी मात्र आयसोप्रीनच्या तुकड्यांची, कुठे चार तर कुठे तेरा. यांना मेनाक्विनोन किंवा के२ म्हणतात. सडलेल्या माशांतून निघालं ते हे. मोठ्या आतड्यातले जीवाणूही ते बनवतात, पण तिथे ते शोषायला लागणारं पित्त जवळपास नसतंच, त्यामुळे त्यातलं आपल्या रक्तात किती थोडं पोचतं हे लक्षात घेता "आतडं करतंच की तयार" या भरवशावर राहू नये.

आता शरीरातलं काम. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतात तयार होतात. त्यांतल्या दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाच्या घटकांत सुरुवातीच्या भागात ग्लुटामिक आम्लाचे ठरावीक दाणे असतात. दोन क्रमांकाच्या घटकात, म्हणजे प्रोथ्रोम्बिनमध्ये, असे दहा. प्रत्येक दाण्यावर एक कार्बॉक्सिल गट आधीच असतो. कार्बॉक्सिलेज नावाचं एन्झाइम त्याच कार्बनवर कार्बन डायऑक्साइडमधून आणखी एक गट चढवतं. दोन ऋणभारित गट शेजारी शेजारी आले की त्यांचा चिमटा होतो आणि त्यात कॅल्शियम बसतं. कॅल्शियम बसलेलं प्रथिन मग जखमेपाशी जाग्या झालेल्या बिंबाणूंच्या पृष्ठभागाला चिकटतं, आणि गुठळी जिथे हवी तिथेच बनते. चिमटा नसेल तर प्रथिन तयार होतं, रक्तात फिरतं, चाचणीत मोजायला गेलं तर सापडतंही. फक्त जागेवर बसत नाही. हा जादा कार्बॉक्सिल गट १९७४ मध्ये सापडला, म्हणजे के सापडल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

हा गट चढवायला लागणारी ताकद के पुरवतं. त्यासाठी ते आधी हायड्रोक्विनोन या रूपात असावं लागतं. काम होताना ऑक्सिजन खर्च होतो आणि के इपॉक्साइड होऊन बसतं, म्हणजे निकामी. दुसरं एक एन्झाइम, व्हीकेओआर, त्या इपॉक्साइडला परत कामाच्या रूपात आणतं. तोच रेणू असा पुन्हा पुन्हा वापरला जातो, म्हणून प्रौढ माणसाला दिवसाला फक्त मायक्रोग्रॅमच्या हिशेबात के लागतं. अमेरिकन शिफारस पुरुषांना १२० आणि बायकांना ९० मायक्रोग्रॅमची आहे.

तेलात विरघळणारी जीवनसत्त्वं शरीरात साठून राहतात असं शाळेत शिकवलेलं असतं. ए आणि डी बाबत ते खरं आहे. के त्या नियमात बसत नाही. खाल्लेल्या के१ पैकी अर्ध्याहून अधिक भाग पित्तातून आणि लघवीतून लवकर निघून जातो, यकृतातला साठा थोडा, आणि आहार बंद झाला की काही दिवसांत तो घसरतो. आयएनआरचा सगळा गोंधळ याच थोड्या साठ्यामुळे होतो.

गोळी नेमकी कुठे काम करते? त्याची सुरुवात गुरांपासून झाली. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गवताळ भागात गुरं शिंगं कापल्यावर, कधी काहीच कारण नसताना, रक्त वाहून मरायची. दमट हवेत बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हरचं वाळलेलं गवत त्यांनी खाल्लेलं असे. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि ते गवत घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. १९३९ मध्ये लिंक यांच्या गटाने त्या गवतातून डायकूमॅरॉल वेगळं काढलं. गवतातल्या निरुपद्रवी कूमॅरिनपासून बुरशीने ते बनवलं होतं. त्याच घराण्यातलं वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५० च्या दशकात माणसांचं औषध झालं. आपल्याकडे वॉरफॅरिनच्या बरोबरीने त्याच कुळातलं ॲसिनोकूमॅरॉल भरपूर दिलं जातं. दोन्ही व्हीकेओआरला अडवतात. के इपॉक्साइड होऊन अडकून पडतं, पुनर्वापर मंदावतो, आणि यकृत अर्धवट चिमटे असलेली प्रथिनं सोडायला लागतं.

म्हणजे गोळी घेणाऱ्या माणसाच्या यकृतात दोघांची ओढाताण चालू असते. ताटातून आलेलं ताजं के एका बाजूला, गोळी दुसऱ्या बाजूला. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा ही त्या माणसाच्या नेहमीच्या ताटाला जुळवलेली असते. ताट बदललं की जुळणी सुटते.

किती बदलतं ते एका जुडीवर पाहू. बाजारातली पावशेर पालकाची जुडी निवडून धुतली की पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम पानं उरतात. शंभर ग्रॅम पालकात जातीनुसार सुमारे ३०० ते ५०० मायक्रोग्रॅम के१. म्हणजे जुडीत सातआठशे. डाळ-दाणे घालून केलेली ताकातली पातळभाजी चौघांनी खाल्ली तर प्रत्येकाच्या वाटीत दीडशे-दोनशे. शिजवल्याने ते फारसं कमी होत नाही. के उष्णता सोसतं. पण वाटीतलं सगळं रक्तात जात नाही. पानातलं के हरितलवकांच्या पडद्यांत घट्ट अडकलेलं असतं, ते सुटायला तेल आणि पित्त दोन्ही लागतात. एका प्रयोगात, औषधाच्या रूपातल्या विरघळलेल्या के च्या तुलनेत, नुसत्या पालकातून शोषण चार टक्क्यांच्या आसपास, आणि लोण्यासोबत खाल्ल्यावर त्याच्या तिप्पट निघालं. वरून घातलेली लसणीची चरचरीत फोडणी के रक्तात पोचवायला मदत करते, हे स्वयंपाक करणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

उलट बाजूला, इंदुरी पोह्यांची प्लेट. पोह्यांत के जवळजवळ नाही. वरच्या चिमूटभर कोथिंबिरीत, ती पाच ग्रॅम धरली तर, पंधरा मायक्रोग्रॅम. शेव, जिरावण, डाळिंबाचे दाणे यांचा हिशेब करायची गरज नाही. जिलबीवर रागवायचं असेल तर साखरेसाठी रागवावं, के साठी नव्हे. बटाटा, वांगं, टोमॅटो, दुधी, भात, पोळी, दूध, दही हे सगळे या बाबतीत निरुपद्रवी. कोबी शंभर ग्रॅमला पंचाहत्तरच्या आसपास, भेंडी तिसाच्या, मटार पंचविसाच्या. खरी उडी पालक, मेथी, सरसों, चाकवत, शेपू आणि वाटीभर कोथिंबिरीच्या चटणीत आहे.

ताटातला दुसरा स्रोत फार थोड्या लोकांच्या डोक्यात येतो: तेल. माळवा म्हणजे सोयाबीनचा मुलूख, आणि सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून इंदुरातच आहे. शंभर ग्रॅम सोयाबीन तेलात सुमारे १८० मायक्रोग्रॅम के१ असतं. शेंगदाणा तेलात एक मायक्रोग्रॅमही नाही. सूर्यफुलाच्या तेलात पाचसहा. दिवसाला तीस ग्रॅम तेल पोटात जात असेल, तर घरचं तेल शेंगदाण्याचं बदलून सोयाबीनचं केल्यावर पन्नासेक मायक्रोग्रॅमची भर पडते, आणि तीही रोज, आधीच तेलात विरघळलेली, म्हणजे शोषायला सोपी. किराण्याचा ब्रँड बदलला ही बातमी डॉक्टरांपर्यंत कधीच पोचत नाही. आणखी एक: के उष्णता सोसतं पण उजेड सोसत नाही. पारदर्शक बाटलीत, ओट्यावर उन्हात ठेवलेल्या तेलातलं के भराभर नष्ट होतं. डब्यातल्या तेलातलं टिकतं. वनस्पती तुपात हायड्रोजन चढवताना के१ चंही रूप बदलतं आणि ते शरीराला नीट वापरता येत नाही. वनस्पती तूप टाळायला त्याहून मोठी कारणं आहेत, तो भाग वेगळा.

आता वर्षाचं चक्र बघा. श्रावणात जुन्या वळणाच्या मराठी घरांत पालेभाजी वर्ज्य. (शेजारच्या हिंदी घरातला सावन आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे एकाच वाड्यात दोन वेगळी वेळापत्रकं चालतात.) पुढे नवरात्र: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, वरई, ताक, नऊ दिवस के जवळजवळ शून्य. आयएनआर वर चढतो, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग दिसतात. थंडीत पालेभाज्यांचा पूर, आयएनआर खाली. मग आकडा १.८ पाहून मात्रा वाढवली जाते. ती बरोबरच असते, त्या दिवसापुरती. होळीनंतर माळव्याचं ऊन तापायला लागतं, पालक जून होतो, मेथी संपते, आणि वाढवलेली मात्रा तशीच चालू राहते. चैत्रात आकडा चारच्या वर गेला तर नवल नाही. अशा माणसाला पालेभाजी कायमची बंद करायला लावली तर साठा आणखी आटतो, आणि मग लग्नातल्या एका वाटी सरसोंच्या सागानेही आकडा डुलतो. के अगदी कमी खाणाऱ्यांचाच आयएनआर जास्त हेलकावतो, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. काही प्रयोगांत तर अस्थिर रुग्णांना रोज १५० मायक्रोग्रॅम के मुद्दाम देऊन आकडा स्थिर झाला. हा प्रयोग घरी करायचा नाही, पण दिशा त्यातून कळते. आठवड्यात दोनदा पालेभाजी खायची तर बारा महिने दोनदा खावी, उपवास धरायचा तर आधी डॉक्टरांना सांगून मधल्या तपासणीची तारीख घ्यावी.

आकडा हलल्यावर ताटाआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मधल्या काळात दुसरं औषध आलं का. मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल, को-ट्रायमोक्साझोल यांनी आयएनआर चढतो. रिफॅम्पिसिन आणि कार्बामॅझेपिनने उतरतो. जुलाबावर केमिस्टकडून आणलेली साधी गोळी पालकापेक्षा कितीतरी जास्त उत्पात करते. दुसरी, नमुना नीट घेतला होता का. या चाचणीची नळी निळ्या टोपणाची असते आणि तिच्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. एका भागाला नऊ भाग रक्त हे प्रमाण ठरलेलं. नळी अर्धीच भरली तर जादा सायट्रेट चाचणीत घातलेलं कॅल्शियम बांधून टाकतं, रक्त उशिरा गोठतं आणि आयएनआर खोटाच वर दिसतो. घरी येऊन रक्त घेणाऱ्याने नळी खुणेपर्यंत भरली का आणि तीनचार वेळा हलकेच उलटीसुलटी केली का, एवढं पाहायला कुणीही पाहू शकतं. नमुना फ्रिजमध्येही ठेवायचा नसतो. गारठ्याने सातवा घटक जागा होतो. गोळी संध्याकाळी का, याचंही उत्तर इथेच आहे: सकाळी रक्त, दुपारी आकडा, त्याच रात्री मात्रा बदलता येते. परिणाम मात्र सावकाश दिसतो. सातवा घटक सहा तासांत निम्मा होतो, प्रोथ्रोम्बिनला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आज बदललेल्या मात्रेचा हिशेब उद्या मागू नये.

नव्या गोळ्या, म्हणजे ॲपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान वगैरे, के च्या वाटेला जात नाहीत आणि त्यांना पालकाचं सोयरसुतक नाही. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, आणि संधिवाती तापाने मिट्रल झडप अरुंद झालेल्या हृदयातही जुनीच गोळी सरस ठरली आहे. आपल्याकडे असे रुग्ण भरपूर आहेत, तेव्हा ही वही अजून बरीच वर्षं लागणार.

के ची खरी, जीवघेणी कमतरता दिसते ती नवजात बाळात. नाळेतून के फार थोडं ओलांडतं, आतड्यात जीवाणू अजून वसलेले नसतात, आणि आईच्या एका लिटर दुधात एक ते चार मायक्रोग्रॅम इतकंच के असतं. बाळंतिणीला शेपू, मेथी, हळीव घालतात ते चांगलंच, पण तिने कितीही पालेभाजी खाल्ली तरी दुधातलं के पुरेसं वाढत नाही. जन्मानंतर मांडीत एक मिलिग्रॅम के१ चं इंजेक्शन देतात (एक किलोहून कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम). ते चुकलं तर पहिल्या आठवड्यात बेंबीतून किंवा शौचातून रक्त जाऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे दोन ते बारा आठवड्यांत, अंगावर पिणाऱ्या गुटगुटीत बाळाच्या मेंदूत अचानक रक्तस्राव होऊ शकतो. बाळ पांढरं पडतं, दूध ओढत नाही, टाळू फुगते. फेफऱ्याच्या काही गोळ्या किंवा रिफॅम्पिसिन घेणाऱ्या आईच्या बाळाला पहिल्याच दिवशी धोका असतो. डिस्चार्ज कार्डावर के दिल्याची नोंद आहे का, हे लशींच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे पाहावं. पूर्वी यासाठी पाण्यात विरघळणारं कृत्रिम के३ वापरत. मोठ्या मात्रेत त्याने तांबड्या पेशी फुटून बाळांना कावीळ व्हायची, म्हणून ते मागे पडलं.

पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी रक्त गोठायला वेळ लागतो, कारण पित्त आतड्यात पोचत नाही आणि पालक, तेल, काहीही खाल्लं तरी के शोषलं जात नाही. इथे इंजेक्शन हे औषधही आहे आणि परीक्षाही: दिल्यावर दिवसभरात वेळ सुधारली तर यकृत ठीक आहे, नुसता पुरवठा तुटला होता. सुधारली नाही तर यकृताची प्रथिनं बनवायची ताकदच गेली आहे.

घरात उंदरांसाठी ठेवतात त्या वड्यांत आता बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं, वॉरफॅरिनचाच पण आठवडेच्या आठवडे शरीरात रेंगाळणारा भाऊबंद. लहान मुलाने तुकडा चघळला तर दोनतीन दिवस काहीच दिसत नाही, कारण आधी बनलेली प्रथिनं तोवर पुरतात. "खेळतंय की" म्हणून थांबू नये. वेष्टन घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावं.

के फक्त रक्तापुरतं नाही. हाडातल्या ऑस्टिओकॅल्सिनला आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना साचू न देणाऱ्या एका प्रथिनालाही हेच चिमटे लागतात. ते दुसरं प्रथिन बनूच न शकणारे उंदीर दोन महिन्यांत धमन्या कडक होऊन फुटल्याने मेले. एवढ्या भांडवलावर कॅल्शियम आणि डी३ च्या गोळ्यांत के२ घालून ती "हाडांसाठी, हृदयासाठी" विकली जाते. प्रथिनांचं रसायन पक्कं आहे. गोळीने माणसाची हाडं मोडायची थांबतात हे मात्र तितकं पक्कं झालेलं नाही, आणि माझ्या मते त्या पैशांची ताजी मेथी आणलेली बरी. आयएनआरची वही असलेल्या माणसाला तर ही गोळी थेट नडते. तिच्यातलं एमके-७ (सात तुकड्यांच्या शेपटीचं के२) के१ सारखं काही तासांत रक्तातून जात नाही, दिवसेंदिवस राहतं आणि रोजच्या मात्रेने चढत जातं; रोज दहा-वीस मायक्रोग्रॅमनेही काहींचा आकडा खाली येतो. पाकिटावर ते "के२-७" किंवा "मेनाक्विनोन" म्हणून मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. गुडघेदुखीसाठी कुणीही कॅल्शियम लिहून दिलं, तर दुकानातच पाकीट उलटं करून वाचावं आणि ते नाव दिसलं तर नुसतं कॅल्शियम-डी३ मागावं.